पऱ्हाटीचा धूर आणि पावसाचे पाणी

परभणी जिल्ह्यात हिवाळ्यात उसाचे पाचट, तर उन्हाळ्यात पऱ्हाट्या व धसकटे जाळली जातात. जळताना त्यांतील बहुतेक नत्र व सेंद्रिय कर्ब हवेत जातो. पालाश बहुतांशी राखेत उरते. धुरातील अमोनिया, नत्राची ऑक्साइडे आणि फॉर्मिक व ॲसेटिक आम्ले धुक्याच्या व पावसाच्या थेंबांत विरघळतात. जंगलातील झाडे सोडतात त्या वायूंपासूनही अशी आम्ले बनतात. स्वच्छ पावसाचा सामू सुमारे ५.६ असतो. आपल्याकडील चुनखडीयुक्त मातीची धूळ आम्लता बरीच कमी करते. मात्र उडालेले नत्र पावसाबरोबर आपल्याच शेतात परतेल, असे नाही. म्हणून पाचट सरीत आच्छादन म्हणून वापरावे. पऱ्हाट्या उपटून, बारीक करून कंपोस्ट खत करावे. त्यामुळे गुलाबी बोंडअळीचा आसराही मोडतो.