पोलादाचं झाड आणि त्यात दिसणारे आपण

आज आपण एका झाडाबद्दल बोलणार आहोत. त्याला ना मूळ, ना पान. स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात, गुगेनहाइम संग्रहालयाच्या बाहेर, नेर्व्हियोन नदीच्या बाजूला ते पाण्यात उभं आहे. सत्तरहून अधिक चकचकीत स्टीलचे गोळे एकमेकांना धरून वर चढत गेलेत, इतकंच ते झाड. नाव आहे 'टॉल ट्री अँड द आय', म्हणजे 'उंच झाड आणि डोळा'. रिल्के या जर्मन भाषेत लिहिणाऱ्या कवीच्या कवितेवरून ते सुचलेलं. २००९ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या अंगणात ते पहिल्यांदा उभं राहिलं.

कलाकार अनिश कपूर. जन्म मुंबईचा, १९५४ चा. वडील पंजाबी, आईचं घराणं बगदादहून आलेल्या ज्यूंचं. विशीच्या आत घर सोडलं, आधी इस्रायल, मग १९७३ पासून लंडन. पुढे १९९१ साली टर्नर पारितोषिक मिळालं.

आता हे झाड काम कसं करतं ते पाहू. शाळेत आपण बहिर्गोल आरसा शिकलो. मोटारसायकलला असतो तोच. प्रतिमा लहान दिसते, पण आवाका मोठा. घरातल्या स्टीलच्या तांब्यात तोंड पाहा, नाक मोठं आणि मागची सगळी खोली इवलीशी. गोळा तर सगळ्या बाजूंनी बहिर्गोल. त्यामुळे आकाश, नदी, इमारत, समोर उभा असलेला माणूस, हे सगळं एकेका गोळ्यात मावतं. शिवाय शेजारचा गोळाही त्यात दिसतो, आणि त्या गोळ्यात परत हा. ढग सरकला की अख्खं झाड बदलतं. खऱ्या झाडासारखंच ते ऋतूप्रमाणे रंग घेतं, फक्त स्वतःचा रंग त्याला नाही.

आता कोणी म्हणेल, अकलूजला याचं काय? आपल्या किल्ल्यात शिवसृष्टी आहे. तिथे शिल्प पाहताना आपल्याला प्रसंग ठाऊक असतो, हात आपोआप जोडले जातात. ती कला आपली गोष्ट आपल्याला सांगते. कपूर यांच्या झाडात गोष्टच नाही. बघणारा आला की मगच त्यात काहीतरी दिसतं. सार्वजनिक कलेच्या या दोन रीती आहेत, आणि आमच्या मते गावाला दोन्ही लागतात.

दुसरा मुद्दा जरा अवघड आहे. परदेशात कोणी नाव काढलं की आपण लगेच म्हणतो, 'आपला माणूस!' कपूर यांना मात्र 'भारतीय कलाकार' हा शिक्का आवडत नाही. मग इथलं काही गेलंच का? तसंही नाही. १९७९ मध्ये ते भारतात आले, देवळांबाहेर रंगांच्या पुडींचे ढीग पाहिले, आणि परत जाऊन कोरड्या रंगाची शिल्पं केली. पंढरपुरात कुंकू-बुक्क्याच्या राशी आपण जन्मभर पाहतो. त्यांना शिल्प म्हणावं, हे लांब गेलेल्या डोळ्याला सुचलं.

बिल्बाओचंही तसंच. ते पोलादाचं आणि जहाजबांधणीचं गाव. ऐंशीच्या दशकात गोदी बंद पडली, हातचं काम गेलं. १९९७ साली नदीकाठी संग्रहालय उघडलं. ज्या काठावर लोखंडाने माणसं जगवली, तिथे आज मुंबईत जन्मलेल्या माणसाचं स्टीलचं झाड उभं आहे. ते तिथलं की परकं? ज्या गोळ्यात बिल्बाओची नदी दिसते, तो गोळा परका कसा म्हणायचा?

आपल्या घरांतलीही मुलं पुण्याला, पार परदेशात गेली आहेत. ती तिथली झाली म्हणून आपण रुसतो. पण तुकोबांची पालखी नीरा ओलांडून दरवर्षी अकलूजला येते, तेव्हा रिंगणाला गाव बाहेरच्या माणसाला विचारतं का, 'तू कुठला?' जागा देतं. लांबच्या गावाने आपल्या मुलांना तशीच जागा द्यावी असं वाटत असेल, तर इथे नव्याने येणाऱ्यालाही आपण ती द्यायला हवी.

एवढंच सांगायचं होतं.