सोन्याच्या कडेवरची ओल

पावसाळ्यात मुंबईच्या स्टुडिओंतून येणाऱ्या जुन्या कंडेन्सर माइकांची तक्रार बहुतेकदा एकच असते: गाणं चालू असताना मध्येच कडकड होते आणि एसी तासभर चालला की सगळं ठीक. जुलैत माझ्या टेबलावर आलेला नॉयमन यू ६७ तसाच होता. हे १९६० सालचं मॉडेल, आत ईएफ८६ व्हॉल्व्ह. मालकांनी निदान करूनच आणलं होतं: "कॅपसूल गेलंय, नवा पडदा बसवून द्या."

एवढ्या लवकर पडद्याला दोष द्यायला मी तयार होत नाही. मूळ पडदा एकदा काढला की तो आवाज परत आणता येत नाही. म्हणून आधी कॅपसूल सोडवून त्याच्या जागी ६८ पिकोफॅराडचा कपॅसिटर जोडला, जाळी परत चढवली (ती नसली की आजूबाजूच्या विजेची घरघर आत शिरते) आणि हेडफोन लावून ऐकत बसलो. कडकड नाही. म्हणजे व्हॉल्व्ह आणि बाकी सर्किट धड होतं.

इथे कॅपसूलवरचं व्होल्टेज साध्या मीटरने मोजायचा मोह आवरावा लागतो. मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स साधारण १० मेगाओहम असतो आणि कॅपसूलला व्होल्टेज पुरवणारा रेझिस्टर त्याहून कितीतरी मोठा. मीटर टेकवताच व्होल्टेज कोसळतं आणि धडधाकट कॅपसूलही बाद वाटतं.

या कॅपसूलचा पडदा म्हणजे सहा मायक्रॉनचं मायलर, वर सोन्याचा थर. सोनं कडेपर्यंत जात नाही. भोवती उघड्या मायलरची एक बारीक कडी राहते आणि सोनं धातूच्या रिंगपासून वेगळं ठेवायचं काम तीच करते. गायकांची थुंकी, सिगारेटचा धूर, धूळ, सगळं तिच्यावर साचतं. कोरड्या हवेत त्याचा उपद्रव नाही. हवा दमट झाली की त्या मळातले क्षार पाणी ओढतात, त्या वाटेने विद्युतभार थोडाथोडा निसटतो आणि आपल्याला कडकड ऐकू येते. खात्रीसाठी कॅपसूल रात्रभर सिलिका जेलच्या डब्यात ठेवलं. सकाळी आवाज स्वच्छ, संध्याकाळपर्यंत तक्रार परत.

सफाईला ऊर्ध्वपातित पाणी आणि वॉटरकलरचा सर्वांत मऊ ब्रश. भिंगाखाली कॅपसूल तिरपं धरायचं आणि ब्रशच्या टोकावरचा थेंब तेवढा कडीवरून फिरवायचा. केसांचा दाब पडद्यावर येता कामा नये. मळ थेंबात उतरतो, तो टिश्यूच्या कोपऱ्याने टिपायचा, नवा थेंब घ्यायचा. मधल्या स्क्रूपासून लांब राहायचं, कारण तिथल्या भोकातून पाणी मागच्या चकतीपर्यंत पोचू शकतं. फुंकर तर अजिबात नाही.

पुढची बाजू झाल्यावर माइक फिगर-एटवर, म्हणजे पुढचा-मागचा दोन्ही पडदे ऐकतात त्या पॅटर्नवर, लावला. मागचा पडदाही थोडा कुरकुरत होता, म्हणून तोही तसाच धुतला, पूर्ण वाळू दिला आणि पावसाळी हवेतच पुन्हा ऐकलं. कडकड गेली होती. माइक परत देताना मालकांना दोनच गोष्टी सांगितल्या: गायकापुढे पॉप फिल्टर हवाच, आणि काम संपलं की माइक सिलिका जेलच्या बंद डब्यात.