कुत्र्याच्या डोळ्यांची निगा

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि कारखान्यालगत सेक्टरांची वसाहत वाढत गेली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून येथे आलेल्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही होती. घरापुढील अंगणात राखणीला एखादा कुत्रा, हे या वसाहतीतील परिचित दृश्य होय. वैशाखात पारा ४५ अंशांकडे सरकू लागला, की कोरड्या वाऱ्याबरोबर धूळ उडते आणि सकाळी कुत्र्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांत चिपडे साचलेली दिसतात. हाताशी येईल त्या फडक्याने ती पुसून टाकली जातात. या साध्या कृतीत योग्य काय आणि घातक काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

कुत्र्याच्या डोळ्याला तीन पापण्या असतात. वरची व खालची आपणास सहज दिसते. तिसरीला निमेषक पटल म्हणतात. ती नाकाकडील कोपऱ्यात दडलेली असते आणि गरज भासताच डोळ्यावरून आडवी सरकते. तिच्या तळाशी असलेली ग्रंथी अश्रूंचा बराच मोठा वाटा पुरविते. अश्रूंत पाण्याखेरीज तेलकट अंश असतो, त्यामुळे ओलावा लवकर उडून जात नाही. चिकट अंश असतो, त्यामुळे तो डोळ्यावर सारखा पसरतो. शिवाय जंतूंना रोखणारी द्रव्येही असतात. पापण्यांची उघडझाप होताना हा द्रव धूळ वाहून कोपऱ्यात आणतो व तेथे सुकतो. तेच चिपड. तात्पर्य, निरोगी डोळा आपली स्वच्छता आपणच राखतो. माणसाने स्वच्छ करावयाचा तो डोळ्याभोवतालचा भाग.

त्याची रीत अशी. प्रथम आपले हात साबणाने धुवावेत. पाणी उकळून कोमट होऊ द्यावे, अथवा औषधांच्या दुकानात मिळणारे निर्जंतुक सलाइन वापरावे. सुट्या कापसाचे तंतू डोळ्यात जातात. म्हणून गॉझ किंवा स्वच्छ धुतलेल्या मऊ सुती कापडाचे तुकडे घ्यावेत. कुत्र्याला उजेडात बसवून एका हाताने त्याची हनुवटी आधाराने धरावी. सुकलेले चिपड ओढू वा खरवडू नये. ओला तुकडा त्यावर थोडा वेळ धरून ते मऊ होऊ द्यावे आणि मग हलक्या हाताने डोळ्यापासून दूर पुसून घ्यावे. एका डोळ्याला लावलेला तुकडा दुसऱ्याला लावू नये. अंघोळ घालताना डोळ्यांत साबण जाऊ देऊ नये.

ही निगा नित्य राखण्याचा आणखी एक लाभ आहे. तिच्या निमित्ताने डोळा रोज पाहिला जातो. थोडेसे करडे किंवा तपकिरी चिपड स्वाभाविक असते. पांढऱ्या कुत्र्यांच्या गालांवर दिसणारे तांबूस ओघळ अश्रूंतील पॉर्फिरिन नावाच्या रंगद्रव्याचे असतात. मात्र ते नव्याने दिसू लागल्यास कारण शोधावे. पिवळा वा हिरवट पू, लाली, एकाच डोळ्यातून सतत पाणी, डोळा बारीक करणे, तो पंजाने चोळणे, पृष्ठभागावर निळसर धुके किंवा दोन बाहुल्यांचा आकार भिन्न दिसणे, यांपैकी काहीही आढळले तर पुसून भागत नाही. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा.

येथेच एक मोठी चूक घडते. घरातील कोणाचे डोळे आले असता आणलेली औषधाची बाटली फडताळात पडून असते. तीच कुत्र्याच्या डोळ्यात रिकामी केली जाते. अशा काही औषधांत स्टेरॉइड असते. डोळ्याच्या पुढील पारदर्शक पडद्यास, म्हणजे पारपटलास, काट्याने वा मांजराच्या नखाने जखम झालेली असेल, तर स्टेरॉइडने लाली ओसरते, कुत्रा शांत दिसतो आणि धनी निश्चिंत होतो. प्रत्यक्षात जखम भरून येण्याची क्रिया मंदावलेली असते व जंतूंना मोकळे रान मिळालेले असते. पारपटलाची जाडी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक. काही जंतूंच्या प्रादुर्भावात ते एकदोन दिवसांत विरघळून त्यास छिद्र पडू शकते आणि डोळा कायमचा जातो. म्हणूनच पशुवैद्य आधी फ्लुओरेसीन हा रंग डोळ्यात घालतो. जखम असल्यास ती हिरवी दिसते. मध, गुलाबपाणी, काजळ, हळद, बोरिक पावडर यांचे घरगुती प्रयोगही वर्ज्य करावेत.

दुसरा फसवा विकार म्हणजे डोळे कोरडे पडणे. अश्रू आटले, की डोळ्यात घट्ट, चिकट चिपड साचते आणि तो जंतुदोष समजला जातो. ऑटो शिर्मर या जर्मन नेत्रवैद्याने १९०३ साली सुचविलेली चाचणी येथे उपयोगी पडते. कागदाची पट्टी खालच्या पापणीत अडकवून एका मिनिटात ती किती भिजते हे मोजतात. निरोगी कुत्र्यात ती साधारणतः १५ मिलिमीटर किंवा अधिक भिजते. या विकारावर सायक्लोस्पोरिनच्या मलमाने पुष्कळ कुत्र्यांचे अश्रू पुन्हा वाहू लागतात. मात्र उपचार बहुधा जन्मभर करावे लागतात.

दिवाळीपूर्वीच्या रंगकामात चुना डोळ्यात उडाल्यास वैद्याची वाट पाहू नये. स्वच्छ पाण्याच्या धारेने निदान पंधरावीस मिनिटे डोळा धूत राहावे आणि मग तातडीने दवाखान्यात न्यावे. पगसारख्या चपट्या तोंडाच्या कुत्र्यांचे डोळे पुढे आलेले असतात; मानेचा पट्टा जोराने ओढल्यास डोळा खोबणीबाहेर येण्याचाही धोका असतो. त्यांना छातीवरून बांधावयाचा पट्टा वापरावा. वयाच्या सातव्या-आठव्या वर्षानंतर बाहुलीत दिसणारी निळसर झाक बहुतेकदा नेत्रभिंग घट्ट होत गेल्याने येते व तीमुळे दृष्टी फारशी कमी होत नाही. मोतीबिंदूत मात्र नेत्रभिंग पांढुरके होते. हा भेद घरी ठरवू नये.

भिलाईच्या रहिवाशांना दुर्गनजीक अंजोरा येथील पशुवैद्यक महाविद्यालय दूर नाही. अन्यत्र जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा पत्ता आधीच माहीत करून घ्यावा. डोळा दुखतो हे कुत्र्याला सांगता येत नाही. तो केवळ पापणी अर्धी मिटतो. ती खूण ज्याला वेळेवर कळली, त्याने निम्मा उपचार केला असे म्हणावयास हरकत नाही.