थिजलेली खिडकी आणि दूरचा सर्व्हर

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ज्यांनी डेस्कटॉपवर चालणारे प्रोग्राम लिहिण्याचा व्यवसाय पत्करला, त्यांच्या दप्तरी जमा झालेल्या तक्रारी आज एकत्र मांडून पाहिल्या, तर त्यांची संख्या कितीही मोठी असली तरी त्यांच्या जाती फार थोड्या होत्या, असे दिसून येते. ‘प्रोग्राम हँग झाला’, ‘सर्व्हरला कनेक्ट होत नाही’, ‘डेटा अर्धाच येतो’, आणि या सर्वांची शिरोमणी म्हणावी अशी ‘तुमच्या मशीनवर चालते, आमच्याकडे चालत नाही’ ही तक्रार. भाषा बदलल्या, कंपन्या बदलल्या, तरी 1990 पासून पुढची दोन तपे याच वाक्यांची आवर्तने चालू राहिली. त्या त्या वेळी प्रत्येक तक्रारीवर स्वतंत्र इलाज शोधण्यात आला आणि पुष्कळदा तो लागूही पडला. परंतु इतक्या अंतरावरून मागे वळून पाहताना माझी अशी खात्री होत चालली आहे की, यांपैकी बहुतेकींचे मूळ एकच होते : कोणी कोणासाठी, कोठे आणि किती वेळ थांबावयाचे, याचा निर्णय प्रोग्राम लिहिणाऱ्याने केलेलाच नव्हता.

1990 च्या मे महिन्यात मायक्रोसॉफ्टचे विंडोज 3.0 आले आणि तोवर डॉसच्या काळ्या पडद्यावर स्वतःच्या मर्जीने चालणाऱ्या प्रोग्रामांना एका निराळ्याच शिस्तीत उभे राहावे लागले. डॉसमध्ये प्रोग्राम प्रश्न विचारी आणि उत्तर मिळेपर्यंत खुशाल थांबून राही, कारण त्या यंत्रावर दुसऱ्या कोणाचा हक्कच नसे. विंडोजमध्ये ही मालकी संपली. कळ दाबली गेली, माउस हलला, खिडकीचा झाकलेला भाग उघडा पडला, अशी प्रत्येक घटना संदेशाच्या रूपाने रांगेत येऊन पडावी, प्रोग्रामने एकेक संदेश उचलून त्याचा निकाल लावावा आणि विनाविलंब पुढच्याकडे वळावे, अशी ही व्यवस्था होती. टपालकचेरीतल्या एकुलत्या एका खिडकीवरील कारकुनाने कोणा गिऱ्हाइकाच्या जुन्या मनीऑर्डरीचा घोळ निस्तरण्यासाठी जागा सोडून आत जावे आणि बाहेरची रांग तिष्ठत राहावी, तसा प्रकार, एखाद्या बटणाच्या हाताळणीत मोठी फाइल वाचण्याचे काम लिहिले की, हटकून घडे. त्यातही विंडोजच्या त्या पिढीत यंत्राचा वेळ प्रोग्रामांनी परस्परसहकार्याने वाटून घ्यावयाचा असल्यामुळे एकाने रांगेकडे परतण्यास विलंब लावला की शेजारच्या निरपराध प्रोग्रामांसह सारे यंत्रच थिजून बसे.

या दुखण्यावर 1991 मध्ये आलेल्या व्हिज्युअल बेसिकने जो तोडगा दिला, तो डू-इव्हेंट्स नावाचा. लांबलचक फेऱ्यामध्ये अधूनमधून ही आज्ञा पेरली की साचलेले संदेश निकालात निघत आणि खिडकी पुन्हा हलूचालू लागे. हजारो प्रोग्राम या एका आज्ञेच्या जोरावर तगले, हे कबूल केले पाहिजे. तथापि तिच्याबद्दल माझे मत कधीच अनुकूल झाले नाही. कारण साचलेल्या संदेशांत ‘तेच बटण पुन्हा दाबले’ हाही एक संदेश असू शकतो, आणि मग पहिले काम अर्धवट असतानाच तेच काम दुसऱ्यांदा सुरू होऊन एका बिलाच्या दोन नोंदी पडणे, किंवा बंद केलेल्या फाइलीत लिहिण्याचा प्रयत्न होणे, असे चमत्कार घडत. काम सुरू होताच बटण निष्क्रिय करावे, हा त्यावरील साधा इलाज अनुभवी मंडळी पहिल्या दिवशीच शिकवीत आणि नवशिके बहुधा पहिल्या तक्रारीनंतर शिकत.

हे सर्व एका यंत्राच्या हद्दीत चालले होते तोवर थांबण्याला काही मर्यादा होती. डिस्क कितीही मंद असली तरी ती केव्हा ना केव्हा उत्तर देतेच. दूरच्या सर्व्हरविषयी तशी हमी कोणीच देऊ शकत नाही. नेटवर्कवरील संभाषणाची सॉकेट ही कल्पना 1983 मध्ये बर्कलीच्या 4.2 बीएसडी या युनिक्समधून आली होती, आणि युनिक्समध्ये एखादी प्रक्रिया सॉकेटावर अडकून बसली तरी बाकीच्यांचे काही बिघडत नसे. 1993 च्या जानेवारीत विनसॉक 1.1 हा करार सिद्ध झाला आणि तीच कल्पना विंडोजमध्ये आणली गेली, तेव्हा मात्र रचनाकारांपुढे पेच उभा राहिला : जेथे थांबण्यास मुळातच मनाई आहे, तेथे थांबून राहणारे फंक्शन कसे नांदवावे? त्यांनी दोन मार्ग ठेवले. पहिल्या मार्गात थांबण्याचा केवळ देखावा होता. आतल्या आत संदेशांचा निकाल चालू राही, आणि तेवढ्यात प्रोग्रामने विनसॉककडे दुसरे काही मागितले तर 10036 या क्रमांकाचा नकार त्याच्या पदरी पडे. दुसरा मार्ग अधिक प्रामाणिक होता : सॉकेटवर काही घडले की त्याची वर्दी खिडकीच्या संदेशरांगेतच यावी. कळ दाबली गेल्याची बातमी आणि टास्मानियाहून पॅकेट आल्याची बातमी एकाच रांगेत, एकाच तोलाने उभी राहावी, ही योजना मला आजही त्या काळातील सर्वांत सुज्ञ योजनांपैकी एक वाटते.

टास्मानियाचा उल्लेख सहज आलेला नाही. विंडोज 3.1 मध्ये टीसीपी/आयपी ही इंटरनेटची संभाषणपद्धती अंतर्भूत नव्हती, आणि ही उणीव ज्या ट्रंपेट विनसॉकने जगभर भरून काढली, ते तेथील पीटर टॅटम यांनी लिहिलेले होते. आपल्याकडे 15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह चार महानगरांत इंटरनेटची सेवा खुली केली आणि टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत चालणाऱ्या मोडेमांचे युग सुरू झाले. कार्यालयातील केबलीवर निमिषार्धात होणारी कामे या तारेवर मिनिटे खाऊ लागली, मधूनच तुटू लागली, आणि तोवर झाकून राहिलेले कितीतरी दोष चव्हाट्यावर आले. सन कंपनीतील पीटर डॉइच यांनी 1994 च्या सुमारास प्रोग्रामरांच्या खोट्या गृहीतकांची जी यादी केली, तिच्या अग्रभागी नेटवर्क विश्वासार्ह असते आणि विलंब शून्य असतो, ही दोनच गृहीतके होती. आपल्या टेलिफोन खात्याने ती कोणत्याही व्याख्यानाशिवाय खोडून दाखविली.

त्या दोषांत अग्रपूजेचा मान टीसीपीविषयीच्या एका गैरसमजाला दिला पाहिजे. एका बाजूने एकदा पाठविले की दुसऱ्या बाजूला तेवढेच, एकदाच मिळेल, असे बहुतेकांना वाटे. एकाच यंत्रावर चाचणी घेतली असता तसे घडतही असे, आणि म्हणूनच हा गैरसमज दीर्घायुषी ठरला. वास्तविक टीसीपी बाइट क्रमाने आणि न गाळता पोचविते, पण आपल्या संदेशाची सुरुवात कोठे आणि शेवट कोठे, याची तिला दखलच नसते. दोन संदेश चिकटून येतील, एक संदेश तीन तुकड्यांत येईल. दोन्ही तिच्या दृष्टीने सारखेच निर्दोष. संदेशाआधी त्याची लांबी लिहावी आणि तेवढे बाइट हाती येईपर्यंत फेरा चालू ठेवावा, हा यावरील उपाय. तो न करता मध्ये अर्धा सेकंद झोप घेणारे प्रोग्राम मी इतके पाहिले आहेत की, ‘स्लीप’ हा शब्द दिसताच मला दोषाचा वास येऊ लागतो.

मराठी मजकूर या मार्गाने पाठवू लागलेल्यांना यात आणखी एक गोष्ट कळली, जी केवळ इंग्रजीत काम करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नसे. यूटीएफ-8 या संकेतपद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘महाराष्ट्र’ या शब्दात काने आणि हलन्त धरून दहा चिन्हे, म्हणजे तीस बाइट. प्रोग्रामने लांबी म्हणून चिन्हांची संख्या, दहा, लिहून पाठविली की पलीकडचा प्रोग्राम दहाच बाइट उचली, आणि पडद्यावर ‘महा’ एवढे उमटून त्यापुढे एक प्रश्नचिन्हांकित चौकट येई. उरलेले राष्ट्र पुढच्या संदेशाच्या माथी बसून त्याचाही विध्वंस करी. तुकडा नेमका चिन्हाच्या मध्यावर तुटला तरी हीच गत. म्हणून लांबी बाइटांत मोजावी आणि पूर्ण संदेश हाती आल्यावरच त्याचे अक्षरांत रूपांतर करावे, हा नियम आमच्या व्यवसायात इंग्रजी नावांच्या चाचणीने कधीच सिद्ध झाला नसता. फॉन्टला दोष देण्यात पुष्कळांचे पुष्कळ दिवस मात्र गेले.

काही तक्रारी अशा होत्या की, ज्यांत यंत्रणा अगदी नियमाने वागत होती आणि तोच गुन्हा ठरला होता. सर्व्हर बंद करून लगेच पुन्हा चालू केला की ‘पत्ता आधीच वापरात आहे’, असा 10048 क्रमांकाचा नकार मिळे. जुन्या जोडणीची वाट चुकलेली पॅकेटे नव्या जोडणीत घुसू नयेत म्हणून टीसीपी ती जोडणी काही काळ मिटवत नाही. 1981 च्या मूळ संहितेप्रमाणे हा काळ चार मिनिटांचा, आणि विंडोज एनटीने तो तसाच पाळला. युनिक्समध्ये यावर जो पर्याय सर्रास वापरला जाई, तो विंडोजवर आणताच दुसऱ्या कोणाही प्रोग्रामला आपले चालू पोर्ट बळकावण्याची मुभा मिळे. एकाच नावाच्या पर्यायाचा दोन मुलखांतील अंमल इतका भिन्न असू शकतो, हे दस्तऐवज न वाचणाऱ्यांना महागात पडले. तसाच प्रकार जॉन नेगल यांच्या 1984 च्या सूचनेचा. एका अक्षरासाठी 40 बाइटांचे शीर्षक वाहून नेणारी पॅकेटे कमी व्हावीत म्हणून, मागची पोच येईपर्यंत लहानसहान मजकूर साठवून ठेवावा, असे त्यांनी सुचविले. तिकडे पोच देणाऱ्याने ती किंचित उशिराने, विंडोजवर सुमारे 200 मिलिसेकंदांनी, द्यावी अशी तरतूद दुसऱ्यांनी केली. आणि दोन्ही शहाणपणे एकमेकांची वाट पाहत बसल्यामुळे प्रोग्राम अकारण रेंगाळू लागला. नेगलची पद्धत बंद करून टाकणे हा लोकप्रिय इलाज. संदेशाचे तुकडे स्वतःच जोडून एकदम पाठविणे हा योग्य.

डेस्कटॉपच्या बाजूस 1995 च्या ऑगस्टात विंडोज 95 बरोबर थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्रामच्या आत स्वतंत्रपणे चालणारे कामाचे धागे, घरोघर पोचले आणि थांबण्याचे काम निराळ्या थ्रेडवर सोपविता येऊ लागले. परंतु खिडकीवरील मजकूर ज्या थ्रेडने ती खिडकी निर्माण केली त्यानेच बदलावा, हा नियम पुष्कळांनी धुडकावला, आणि प्रोग्राम दहा वेळा चालून अकराव्या वेळी कोसळू लागले. 2005 च्या डॉटनेट 2.0 ने डीबगरखाली हा अपराध घडताक्षणीच अडवून धरण्यास सुरुवात केली, हे उत्तमच झाले. मग निरोप्या थ्रेड खिडकीच्या थ्रेडकडे काम सोपवून उत्तरासाठी थांबला आणि खिडकीचा थ्रेड त्या निरोप्याच्या समाप्तीसाठी थांबला, अशी परस्परप्रतीक्षा उद्भवली. 2012 मध्ये सी-शार्पमध्ये असिंक आणि अवेट हे शब्द आल्यावर ती संपेल, अशी आशा होती. पण अवेट न लिहिता खिडकीच्या थ्रेडवरच थेट निकाल मागणाऱ्या मंडळींनी तीच कोंडी नव्या व्याकरणात जशीच्या तशी उभी करून दाखविली.

डीएलएलच्या आवृत्त्यांचा झगडा आणि 2004 मध्ये एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकने आपोआप चालू केलेला फायरवॉल यांनीही त्या काळी रात्री जागविल्या. पण ती प्रकरणे बंदोबस्ताची, विचाराची नव्हेत, म्हणून त्यांचा विस्तार करीत नाही. तपासाच्या साधनांविषयी मात्र कृतज्ञतापूर्वक लिहिले पाहिजे. 1998 मध्ये जेराल्ड कोम्ब्स यांनी खुले केलेले इथिरियल, जे 2006 पासून वायरशार्क या नावाने ओळखले जाते, त्याने तारेवरील प्रत्येक पॅकेट डोळ्यांसमोर आणले, आणि दोष प्रोग्रामचा की नेटवर्कचा, या दोन खात्यांमधील सनातन वादाला पुरावा मिळू लागला. कोणत्याही नव्या भाषेपेक्षा या एका साधनाने अधिक प्रश्न सोडविले, असे माझे मत आहे.

नवी व्याकरणे थांबणे सुसह्य करतात. किती थांबावयाचे हे ती ठरवीत नाहीत. तार तुटली आणि कोणी काही पाठविलेच नाही, तर टीसीपी ती जोडणी तासन्‌तास जिवंत समजते. जोडणी जिवंत आहे का हे पाहणारी तिची स्वतःची चौकशी 1989 च्या नियमानुसार मुळात बंद असते, आणि चालू केली तरी, मुदत मुद्दाम बदलली नसेल तर, पहिली विचारणा दोन तासांच्या आत होत नाही. तेव्हा जे आज हा व्यवसाय करीत आहेत, त्यांना एवढीच विनंती की, प्रोग्राम ग्राहकाच्या हाती देण्यापूर्वी, व्यवहार अर्ध्यावर आला असताना, नेटवर्कची केबल एकदा उपसून पाहावी. खिडकी हलते का, ठरविलेली मुदत संपल्यावर वापरणाऱ्याला समजेल अशा मराठीत काही सांगितले जाते का, आणि केबल पुन्हा जोडल्यावर तीच नोंद दोनदा पडते का, या तीन गोष्टी स्वतः तपासाव्यात आणि मगच दोष नेटवर्कच्या खात्यावर टाकावा.