नफ्यासोबत तोटाही लिहिणारा लेखक

व्यापारी कुटुंबांत लेखनाची हौस अलीकडे चांगलीच वाढली आहे. कोणी पेढीच्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहितो, कोणी वडिलांच्या अमृतमहोत्सवानिमित्त गौरवग्रंथ सिद्ध करतो, कोणी यात्रावर्णन छापतो. तरुण पिढी तर आपल्या धंद्याविषयी नियमितपणे काही ना काही लिहून लोकांपुढे ठेवीत असते. हौस खरी आणि कष्टही खरे. तथापि छापलेल्या प्रतींचे गठ्ठे माळ्यावर पडून राहतात. आप्तेष्ट मुखपृष्ठ पाहून 'फार सुंदर' म्हणतात आणि आतील पाने उलटीत नाहीत. वाचक का मिळत नाही, असे विचारले की शीर्षक आकर्षक नव्हते, चित्रे कमी पडली, प्रसिद्धी अपुरी झाली, अशी उत्तरे मिळतात. ती अगदीच खोटी नाहीत. परंतु पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी आग्र्याच्या एका जवाहिऱ्याची कहाणी आजही आवडीने वाचली जाते आणि तिच्यापाशी यांपैकी एकही साधन नव्हते.

हा जवाहिऱ्या म्हणजे कविवर बनारसीदास. जन्म १५८६ साली, जौनपूरच्या श्रीमाळ जैन कुटुंबात. वडील खरगसेन हे जवाहिराचे व्यापारी. १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ६७५ पद्यांत स्वतःची जीवनकथा लिहिली. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून त्यांनी तिला 'अर्धकथानक' असे नाव दिले. हिंदीतील पहिले आत्मचरित्र म्हणून अभ्यासक तिच्याकडे पाहतात.

हे त्यांचे पहिले लेखन मात्र नव्हे. चौदाव्या वर्षीच त्यांनी नवरसांवर, त्यातही विशेषतः शृंगारावर, हजारभर पद्यांचा ग्रंथ रचला होता. पुढे एके दिवशी गोमतीच्या पुलावर मित्रांना तो वाचून दाखवीत असता त्यांच्या मनात आले की, एक असत्य बोलणाराही दोषी ठरतो, मग येथे तर पानोपानी कल्पित गोष्टी रचलेल्या आहेत. त्यांनी पोथी नदीत टाकली. मित्र हळहळत राहिले आणि पाने प्रवाहाबरोबर वाहून गेली. या प्रसंगात छंदाचा वा अलंकाराचा प्रश्नच नव्हता. चौदा वर्षांच्या मुलाने जे पाहिले नव्हते, अनुभवले नव्हते, ते इतरांचे वाचून लिहिले होते, ही खरी उणीव होती. आजच्या कितीतरी गौरवग्रंथांची गोमतीही हीच असावी.

पुढे चोविशीच्या सुमारास वडिलांनी त्यांच्या हाती माल सोपवून त्यांना आग्र्यास पाठविले. काही रत्ने, वीस मण तूप, दोन बुधले तेल आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड, अशी मालाची यादी त्यांनी काव्यातच दिली आहे. वाटेत इटाव्याजवळ पावसाने गाठले. सरायांत जागा मिळेना, दारोदार फिरूनही कोणी आत घेईना. अखेर रात्र निघाली ती एका पहारेकऱ्याच्या झोपडीत, आणि तीही दुसऱ्याच्या खाटेखाली जमिनीवर झोपून. आग्र्यात पोचल्यावर धंदा बसला. इजारीच्या नाडीत बांधलेली रत्ने कोठे निसटली ते कळलेच नाही. माल गेला, मुद्दल गेले, आणि वडिलांना तोंड कसे दाखवावे, हा प्रश्न तेवढा शिल्लक राहिला.

त्या रिकाम्या दिवसांत ते रात्री आपल्या बिऱ्हाडी 'मधुमालती' आणि 'मृगावती' ही प्रेमाख्याने मोठ्याने वाचीत. दहा-वीस माणसे ऐकायला येत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसीदास त्याच्याकडून रोज उधारीवर कचोऱ्या खात. अखेर त्यांनी त्याला एकांतात गाठून सांगितले की, आपल्याजवळ काहीच उरलेले नाही, तेव्हा यापुढे उधार देऊ नये. त्याने खुशाल खात राहण्यास सांगितले. असे सहा-सात महिने चालले. हा प्रसंग उदारतेचा दाखला म्हणून सांगितला जातो आणि ते योग्यच आहे. लेखकाच्या दृष्टीने मात्र त्यात आणखी एक गोष्ट आहे. दिवसभर कढईपुढे उभा राहून थकलेला माणूस रात्री कोणत्या ओळीला सरसावून बसतो आणि कोणत्या ओळीला जांभई देतो, हे ज्याने महिनोन्‌महिने समोर बसून पाहिले, त्याला वाचक या शब्दाचा अर्थ निराळा समजावून द्यावा लागत नाही. लिहिलेला मजकूर घरात चार जणांना मोठ्याने वाचून दाखविण्याची जुनी पद्धत आज जवळजवळ सुटली आहे. तिच्याइतकी निष्ठुर आणि बिनखर्चाची परीक्षा दुसरी नाही.

भाषेची निवडही लक्षात घेण्याजोगी आहे. याच लेखणीने १६३६ मध्ये 'समयसार नाटक' हा गंभीर अध्यात्मग्रंथ रचला होता. तत्त्वचर्चेची भाषा त्यांना परकी नव्हती. स्वतःची गोष्ट सांगताना मात्र त्यांनी मध्यदेशाची बोली, म्हणजे बाजारात आणि घरात चालणारी भाषा, घेतली. आपल्याकडे नेमके उलटे होते. दुकानात गिऱ्हाइकाशी अर्धा तास रसाळ बोलणारा गृहस्थ लेखणी हाती घेताच 'उत्तुंग भरारी' आणि 'दैदीप्यमान वाटचाल' यांच्या आश्रयास जातो.

अकबराच्या मृत्यूचे वर्णन तर प्रत्येक होतकरू लेखकाने पाहावे असे आहे. १६०५ मध्ये ती वार्ता जौनपुरास आली. बनारसीदास बादशहाची थोरवी गात बसत नाहीत. ते जिन्यात बसले होते, बातमी ऐकून भोवळ आली, पडले, डोके फुटून रक्त वाहू लागले आणि आईने कापड जाळून ती राख जखमेत भरली, एवढे ते सांगतात. मग गावाकडे वळतात. दुकाने बंद झाली, लोकांनी दागिने आणि वह्या पुरून टाकल्या, उंची वस्त्रे लपवून जाडीभरडी अंगावर घातली. दहा दिवसांनी जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले, तेव्हा कोठे गाव शांत झाले. साम्राज्याची उलथापालथ एका जिन्यावरून आणि एका गल्लीतून दिसते, म्हणून ती खरी वाटते.

आणि सर्वांत विरळा गुण म्हणजे नावेची बाजू लिहिण्याचे धैर्य. एका संन्याशाने त्यांना मंत्र दिला आणि वर्षभर गुप्तपणे जपल्यास रोज दारात एक सुवर्णमुद्रा सापडेल, असे सांगितले. त्यांनी वर्षभर शौचकूपात बसून तो जपला. मुद्रा अर्थातच आली नाही. एवढी फजिती कोण लिहून ठेवील? तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली आणि एकही जगले नाही. हे दुःख त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितले आहे. शेवटी स्वतःच्या गुणांची यादी दिली आणि लगोलग दोषांचीही. त्यात धनाचा लोभ आहे, अकारण भय आहे आणि एकांतात नाचू लागण्याची खोडही आहे. आपल्या पेढ्यांच्या इतिहासांत मात्र कोणालाच कधी तोटा आलेला नसतो, कोणाची उधारी बुडालेली नसते, भागीदारी तुटली तरी ती 'परस्परसंमतीने' तुटते. असे एकही घराणे प्रत्यक्षात नसेल. वाचकाला हे ठाऊक असते, म्हणून तो पुस्तक मिटतो.

वाचकाची गरज ओळखणाऱ्या व्यावसायिक लेखनाचे उदाहरण मराठीतही आहे. १९२० साली किर्लोस्करवाडीच्या नांगरांच्या कारखान्यातून शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केली. ती कारखान्याच्या मालाची स्तुतिसुमने वाहत बसली असती तर दोन-चार वर्षांत विस्मृतीत गेली असती. तिचे सर्वसामान्य वाचकांचे मासिक झाले, पुढे १९३० मध्ये 'स्त्री' आणि १९३४ मध्ये 'मनोहर' ही भावंडे तिला मिळाली. आणि जन्मात नांगर विकत घेण्याचा संभव नसलेली कुटुंबेही ही मासिके वाचू लागली.

'अर्धकथानक' बराच काळ हस्तलिखितांतच राहिले. १९४३ मध्ये नाथूराम प्रेमी यांनी ते मुंबईहून छापून प्रसिद्ध केले आणि १९८१ मध्ये मुकुंद लाठ यांचा इंग्रजी अनुवाद निघाला. ज्या मुंबईत ते छापले गेले, त्या मुंबईत आणि सांगली-कोल्हापूरच्या पेठांत लिहिण्याजोगे आजही पुष्कळ आहे. हळकुंड मोडून त्याचा रंग आणि वास कसा पारखतात, १९७२ च्या दुष्काळात खेड्यातील उधारीचे काय झाले, जानेवारी १९७८ मध्ये हजाराच्या नोटा रद्द झाल्या त्या रात्री घरात काय बोलणे झाले, रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरे तेव्हा कोणत्या बोटाला कोणता भाव असे. त्या खुणा जाणणारे हात आता थरथरू लागले आहेत, आणि त्या उतरवून घेण्याचे काम बहुतेक घरांत राहूनच गेले आहे.