शेकरूचा कंठ, उंदराची शिट्टी

राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात शेकरूचा खणखणीत आवाज दूरवर ऐकू येतो. आढ्यावरचा उंदीर मात्र बराच वेळ मुका वाटतो. प्रत्यक्षात तो आपल्या कानाच्या 20 किलोहर्ट्‌झच्या मर्यादेपलीकडे बोलत असतो, आणि तेही शेकरूसारख्याच ठेवणीच्या स्वरयंत्रातून. पुढे अवटु कूर्चा, खाली मुद्रिका कूर्चा, मागे दोन चिमुकल्या कूर्चा आणि त्यांच्यामध्ये ताणलेले स्वरतंतू. सूक्ष्मदर्शकाखाली स्वरतंतूचा छेद पाहिला, तर वर पातळ आवरण, त्याखाली कोलॅजेन व इलास्टिनच्या धाग्यांचा मऊ थर आणि आत स्नायू दिसतो. मऊ थरामुळे आवरण थरथरते, चीत्कार उमटतो. पण 50 किलोहर्ट्‌झचा आवाज? तो थरथरण्यातून नव्हे, अरुंद फटीतून सुटलेल्या हवेच्या झोतातून, शिट्टीसारखा निघतो. पुरावा हेलियमचा आहे. हलक्या वायूत कंपनाची मूळ पट्टी जवळपास तीच राहते, शिट्टीची मात्र चढते. प्रयोगात उंदरांच्या श्राव्यातीत आवाजाची पट्टी चढली.

हे निष्कर्ष प्रयोगशाळेतल्या पाळीव उंदरांवरचे, रानटीला कसे लागू, असे कुणी विचारेल. पांढरा उंदीर रानटी तपकिरी उंदराचाच वंशज. दीडेकशे वर्षांच्या पैदाशीत कंठाची मूळ घडण पालटली असण्याची शक्यता कमी. शेकरूवर मात्र तोच निष्कर्ष लादू नये; त्याची हाक आपल्याला ऐकू येते, म्हणून तिथे कंपनच आधी तपासावे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. म्हणून मेलेला शेकरू दिसल्यास हात न लावता वनविभागाला कळवा, आणि शवविच्छेदनात त्याचा कंठही जतन व्हावा.