आठ जणांची पंगत

तीस सेंटिमीटरची प्लास्टिकची पट्टी घ्या. एका चिमटीत शून्याचा आकडा धरा, दुसरीत पंधराचा, आणि ओला रुमाल पिळतो तशी पट्टी पिळून बघा. हलकेच हं, मोडेल! आता पंधराची चिमूट सोडून तिसाचं टोक धरा. तेवढ्याच जोरानं पुन्हा पिळा. कशी सहज वळली! पट्टी तीच, जोर तोच. पण लांबी दुप्पट झाली आणि पीळही दुप्पट पडला.

एवढ्याशा या गोष्टीनं ऐटदार मोटारींच्या एका घराण्याला घाम फोडला होता. कसा, ते ऐका.

इंजिनात सिलिंडर असतात, म्हणजे पोकळ नळकांडी. प्रत्येकात एक पिस्टन खालीवर धावतो. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण पेटलं की पिस्टनला जोराचा धक्का बसतो आणि त्या धक्क्यानं खालचा एक वाकडातिकडा दांडा गोल फिरतो. त्याचं नाव क्रँकशाफ्ट. गॅरेजमधले दादा नुसतं ‘क्रँक’ म्हणतात. सायकल आठवा: पाय खालीवर, चाक गोल. अगदी तसंच!

क्रँकच्या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरचा धक्का एकदाच मिळतो. चार सिलिंडर असतील तर दर अर्ध्या फेरीला एक धक्का, आठ असतील तर दर पाव फेरीला! एक धक्का ओसरायच्या आत दुसरा हजर, म्हणून गाडी कशी अलगद पळते.

पण आठ जणांना बसवायचं कसं? सरळ एका पंगतीत! इटलीतल्या मिलानच्या इसोता फ्रास्किनी कंपनीनं १९१९ मध्ये असं इंजिन असलेली मोटार बाजारात आणली. मग लांबलचक बॉनेट म्हणजेच श्रीमंती असं समीकरण झालं. फ्रान्सची बुगाटी रॉयाल तर जवळजवळ ६.४ मीटर लांब होती. एकामागे एक उभ्या केलेल्या दोन मारुती ८०० पेक्षा थोडीशीच कमी! अमेरिकेची ड्युसेनबर्गही याच घराण्यातली. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी तसली एक मोटार खास बनवून घेतली होती.

मग बिनसलं कुठे? आता तुमची पट्टी आठवा. आठ जणांच्या पंगतीखालचा क्रँक लांब. पुढच्या टोकाला धक्का बसला की तो किंचित पिळायचा, परत उलगडायचा, पुन्हा पिळायचा. इंजिन जितकं जोरात पळवावं, तितकी थरथर वाढायची आणि क्रँक तुटायची भीती असायची. तो जाडजूड करावा, तर वजन वाढायचं.

यावर दुसरी युक्ती निघाली. पंगत मोडून चार-चार जणांच्या दोन ओळी करायच्या आणि त्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या तिरक्या बसवायच्या. समोरासमोरचे दोन पिस्टन क्रँकच्या एकाच खुंटीवर जोर लावतात. क्रँक आखूड, म्हणून मजबूत. बॉनेटही आखूड, म्हणून माणसांना ऐसपैस जागा! असं इंजिन ओतायला फार अवघड होतं. पण १९३२ मध्ये फोर्डनं दोन्ही ओळी एकाच ओतकामात घडवल्या आणि हे इंजिन साध्या माणसाच्या गाडीत आलं. अमेरिकेत पॅकार्ड आणि पाँटियाक या कंपन्यांनी १९५४ नंतर आठांची सरळ पंगत बंदच केली.

पंगतीचा शेवट मात्र थाटात झाला. १९५५ मध्ये इटलीतली मिले मिलिया ही सुमारे १६०० किलोमीटरची शर्यत स्टर्लिंग मॉसनं मर्सिडीजच्या आठ-एका-ओळीतल्या गाडीनं जिंकली. तिच्या क्रँकची ताकद टोकातून न घेता मधूनच घेतली होती. म्हणजे पट्टी तिसाची, पण पिळायची पंधरा-पंधराच!

आणि गंमत बघा. मर्सिडीजनं सहा सिलिंडरांची सरळ ओळ सोडून ‘व्ही’ धरला होता, पण २०१७ मध्ये ती ओळ परत आणली. तिचा गुण पूर्वीपासूनच ठाऊक होता: सहा पिस्टनांचे हिसके एकमेकांना शांत करतात. अडचण लांबीची होती. मग पट्ट्यावर चालणारा पंप विजेवर घेतला, इंजिनापुढचा पट्टाच काढून टाकला आणि लांबी आटोक्यात आली.

म्हणजे ती ओळ कधी वाईट नव्हतीच. तिला जागा पुरत नव्हती. आता गॅरेजातल्या दादांना विचारा, “या गाडीत किती सिलिंडर? आणि कसे बसवलेत?” जाताना पट्टी खिशात असू द्या!